उघडी काठवट

मोमीने काठवट उघडली ती मंगळवारी सकाळी. आज शुक्रवार उजाडला तरी तिच्यावर झाकण पडलं नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर मधोमध काठवट, काठवटीत पोई, म्हणजे अळूचे कंद उकडून कुटलेला लगदा, शेजारी सोया सॉसची बाटली आणि बाटलीला टेकून उभा केलेला फोन. टेबलाच्या टोकाला एक छोटा पंखा, माश्या बसू नयेत म्हणून काठवटीवरच रोखलेला. त्या वाऱ्याने पोईवर जांभळट साय धरायची. तासा-दोन तासांनी मोमी ओल्या बोटांनी ती मोडायची, ढवळून सारखी करायची आणि एक बोट चाटायची. म्हणजे जेवण चालू आहे.

आणि जेवण चालू असलं, पोई उघडी असली, की कुणी नको ते विचारू शकत नाही. नियम मोमीच्या आजीचा, तिच्याही आजीचा. अळू हा माणसाचा थोरला भाऊ, तो आधी जन्मला, माणूस त्याच्या पाठीवरचा. थोरला समोर बसलेला असताना भांडायचं नाही, व्यवहार बोलायचा नाही, मरणाचा विषय काढायचा नाही. हे शेवटचं आजी म्हणायची, की आपणच या आठवड्यात त्याला जोडलं, हे मोमीला सांगता आलं नसतं. आठवून बघायची तिला इच्छाही नव्हती.

वॉल्टर, तिचा नवरा, तीन आठवडे दुसऱ्या बेटावर, होनोलुलूच्या इस्पितळात होता. इथून, हिलोहून, विमानानेच हलवला होता त्याला, अर्धं अंग गेलेलं. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तोंडाने का होईना, बोलायचा. तिथलं मिक्सरमधून काढलेलं जेवण बघून म्हणाला होता, "हा भिंतीला लावायचा चुना मला का भरवता? घरची पोई आण." तेवढंच एक मागितलं त्याने.

म्हणून गेल्या शनिवारी ती एकटी परत आली. खोऱ्यातल्या खाचरात गुडघाभर चिखलात उतरली, सदुसष्ट वर्षांचे गुडघे घेऊन, आणि हाताने अळू उपटलं. उकडलं, सोललं. कुटायचं काम चाळीस वर्षं वॉल्टरचं, सोलायचं तिचं. या वेळी दोन्ही तिने केलं. त्याचा दगडी बत्ता तिच्या मुठीत मावत नव्हता. सोमवारी संध्याकाळी पोई काठवटीत उतरली, तिने वरून फडकं टाकलं, आणि तेवढ्यात डुएनचा, मुलाचा, फोन आला. दुपारी दुसरा झटका आला होता. आता श्वासही यंत्रच घेत होतं.

मंगळवारी सकाळी आठला डुएनने पुन्हा फोन केला, चेहरा दिसेल असा. चव्वेचाळीस वर्षांचा, कपाटाएवढा माणूस, बंदरावर ट्रक चालवणारा. त्याचे डोळे बघितले आणि मोमीने काठवटीवरचं फडकं ओढलं.

"आई, डॉक्टर म्हणताहेत की तुझी…"

"जेवायला बसलेय रे." तिने फोन वाकडा करून काठवट दाखवली.

डुएनचं तोंड मिटलं. "बरं," तो म्हणाला. "खा मग."

"तू खाल्लंस?"

"खाली कॅन्टीनमध्ये. भात आणि तळलेलं स्पॅम, डब्यातलं मांस."

"सुकं. त्यावर अंडं तरी मागायचं."

"अंडं संपलं होतं."

तेवढ्यावर फोन ठेवला. मोमीला वाटलं, आजचा दिवस तर सुटला.

चार दिवस असेच सुटले. मायलेक दिवसातून तीनदा बोलायचे. ट्रकच्या गिअरबद्दल, मीठ लावलेल्या कांद्याबद्दल, वॉल्टरच्या जुन्या गाडीत कोंबडीने अंडी घातली त्याबद्दल. एकदा इस्पितळातल्या समाजसेविकेचाच फोन आला. समुद्रापलीकडच्या मेनलँडवरून आलेली बाई, आवाज कसा मऊ मऊ.

"मिसेस नाहुलु, आत्ता बोलता येईल का?"

"जेवतेय."

"काल दुपारीही तुम्ही जेवत होता."

"तेच जेवण."

बाई हळूच म्हणाली, "मी नंतर करू का?"

"आमच्याकडे सावकाश जेवतात, पोरी," मोमी म्हणाली.

शेजारची मिल्ड्रेड नाकामुरा बुधवारी आली, मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन. सपाता दाराशी काढल्या, आत पाऊल टाकलं, "मोमी, वॉल्टरचं मी…" म्हणेपर्यंत तिला काठवट दिसली. जन्म याच गल्लीत गेलेला. बाईने पुढचं गिळलं.

"…मुळा जरा खारट झालाय," ती म्हणाली.

"तुझा कधी झाला नाही? बस."

दोघींनी दोन-दोन बोटं पोई खाल्ली, लोणचं चावलं. जाताना मिल्ड्रेडने मोमीच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ ठेवला, आणि गेली.

पण जेवण म्हटलं की काठवट उतरणारच. बोटाबोटाने का होईना, पोई सरत होती. मोमी पाणी घालायची. मंगळवारी एका बोटावर उभी राहणारी पोई गुरुवारी तीन बोटांनी गोळा करावी लागे. शुक्रवारी सकाळी ती पेजेसारखी बोटांतून गळायला लागली.

नऊ वाजता डुएन दिसला. दाढी वाढलेली. मोमीने सवयीने काठवट दाखवली.

"अजून आहे?" त्याने विचारलं.

"आहे थोडी."

"माझ्याकडे पण आहे." त्याने फोन फिरवला. वॉल्टरच्या पलंगाच्या सरकत्या टेबलावर कागदी वाडगं होतं, त्यात दुकानातल्या पिशवीतली राखाडी पोई. "बुधवारपासून उघडून ठेवलीय. डॉक्टर आला की मी बोट घालतो."

मोमी फोनच्या जवळ सरकली.

"पहिल्यांदा म्हणाला, आपण पर्यायांबद्दल बोलू या. मी चाटत बसलो. कालिहीची, आपल्यातलीच एक नर्स होती, तिने त्याला बाहेर नेऊन काय सांगितलं देव जाणे. तेव्हापासून फिरकला नाही."

मोमीला हसू फुटलं, आणि डुएनलाही. दोघं हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता डुएनचा हात खाली आला, आणि फोन पलंगाकडे वळला.

शनिवारपासून तिने वॉल्टरला बघितलं नव्हतं. डुएन दाखवत नव्हता, ती मागत नव्हती. आता दिसला. तोंडात नळी, नळीला चिकटपट्टी, पट्टीच्या कडेला सोललेले ओठ. हात फुगून पावासारखे झालेले. बत्ता धरणारी बोटं एकमेकांपासून लांब लांब पडलेली. नर्सने नळीतून दुसरी बारीक नळी आत सारली, यंत्र घरघरलं, आणि वॉल्टरचा सगळा चेहरा एकवटला. हलत नव्हता तो चेहरा, असं सांगितलं होतं तिला.

"दुखतंय का त्याला?"

फोन झटकन वर गेला. "आई, काठवट उघडी आहे."

"ठाऊक आहे मला. दुखतंय का?"

डुएन म्हणाला, "ते कफ काढतात ना, तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं त्याच्या. दिवसातून सहा-सात वेळा. नर्स म्हणते, बरं होण्यातलं नाही हे. नुसतं चाललंय."

मोमी खुर्चीत बसून राहिली. पंखा काठवटीवर वारा घालत होता. चार दिवस आपण दोघांनी मिळून त्याला उपाशी पानावर बसवून ठेवलं, तिच्या मनात आलं. सगळं मांडलेलं, आणि उठायची सोय नाही.

तिने बोटाने काठवटीच्या कडा निपटून घेतल्या, वरपासून खालपर्यंत, एक थेंब चिकटलेला राहू न देता. तसंच झाकायचं असतं. मग वर लाकडी झाकण ठेवलं.

"तुझीही झाक."

पलीकडे वाडग्यावर कागदी ताटली ठेवल्याचा आवाज आला.

"विचार आता," मोमी म्हणाली.

डुएनने दोनदा सुरुवात केली. तिसऱ्यांदा जमलं. "आई, नळी काढू दे का त्यांना?"

"दे."

मग तो रडला. तिने रडू दिलं. इस्पितळाला मात्र तोंडी चालत नव्हतं. फोनवर कागद आला, खाली रिकामी चौकट, बोटाने सही करा म्हणून. मोमीने बोट टेकवलं. काही उमटेना. झग्याला पुसून पुन्हा टेकवलं. बोटावर वाळलेली पोई डिंकासारखी बसली होती, फोनला ते बोटच वाटत नव्हतं. ती मोरीपाशी गेली, साबण लावला, नखाने खरवडून खरवडून हात धुतले, कोरडे केले, परत आली. आता रेघ उमटली. कोंबडीने उकरल्यासारखी. "धन्यवाद, आपली सही मिळाली," फोन म्हणाला.

"दुपारचं विमान मिळेल तुला," डुएन म्हणाला. "तू आल्यावरच काढतील. सांगितलंय मी."

"नळी काढली की ओठ मोकळे होतील ना रे?"

"होतील."

"मग पोई आणते. गिळायला नको, नुसती ओठांना लावू. मागितली होती त्याने."

फोन ठेवून तिने कपाटातून झाकणाचा छोटा डबा काढला, काठवट उघडली आणि भरण्याआधी एक बोट तोंडात घातलं. चार दिवस ती चाटत होती, पण चव घेतली ती आत्ता. वॉल्टरला आंबटच आवडायची, तीन दिवसांची. ही आंबटाच्याही पुढे गेली होती. जिभेला बुरशी लागली. पाण्याने आणि वाऱ्याने नासली होती. झाकून ठेवली असती तर अजून चार दिवस सहज टिकली असती.

खाचरात अळू होतं. उपटायला, उकडायला, कुटायला दोन दिवस लागले असते.

ती डबा हातात धरून उभी होती तेव्हा मिल्ड्रेड दारात आली. डुएननेच तिला फोन केला होता, विमानतळावर सोड म्हणून. तिने सपाता काढल्या, आत आली. सवयीने आधी टेबलाकडे बघितलं. मोमीने तिच्यादेखत झाकण लावलं.

"गं मोमी," मिल्ड्रेड म्हणाली, आणि बुधवारपासून गिळून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. वॉल्टर किती चांगला होता, गटार तुंबलं तेव्हा न सांगता कसा आला, चर्चमध्ये सगळे विचारताहेत. होता, होता, होता. मोमी ऐकत राहिली. थांब म्हणायला आता काही उरलं नव्हतं.

"काय न्यायचंय तुला? दे, गाडीत ठेवते," मिल्ड्रेडने शेवटी डोळे पुसत विचारलं.

मोमीने रिकामा डबा परत कपाटात ठेवला.

"काही नाही," ती म्हणाली. "तशीच जातेय."