कोऱ्या तबकडीचा आवाज

सभागृहातल्या खुर्च्या कधीच संपल्या होत्या. लोक भिंतींना टेकून, खिडक्यांत चढून, एकमेकांच्या पायांवर पाय देत उभे होते. मंचावर एक टर्नटेबल, शेजारी काचेच्या नळ्यांचा, जुन्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, मागे छातीएवढा उंच स्पीकरचा खोका आणि या सगळ्याच्या मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले नादबाबा.

"बोटं फिरवून बघा!" बाबांनी काळीकुळकुळीत तबकडी पुढच्या रांगेत दिली. "आहे एक तरी रेघ? कोरी आहे, कोरी! माणूस गेला की असाच कोरा होतो. पण नाद? नाद कधी मरतो का?"

"नाही!" अख्खं सभागृह ओरडलं.

तबकडी फिरू लागली. बाबांनी पिन टेकवली, अ‍ॅम्प्लिफायरचा खटका दाबला. चिडीचूप.

"निघालाय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "वाट लांबची आहे. धीर धरा... आला, उंबऱ्याशी आला..."

काचेच्या नळ्यांत तांबूस उजेड फुलला आणि खोक्यातून, फार लांबून यावी तशी, एक घोगरी कुजबुज हळूहळू वर आली. लोकांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

चौथ्या रांगेत बसलेल्या रेडिओकाकांच्या अंगावरही काटा आला, पण तो वेगळ्या कारणानं. वाट लांबची नव्हती. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं, एवढंच. आणि हे व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः बसवले होते.

वर्षापूर्वी एक मऊ बोलणारा गृहस्थ त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आला होता. त्याला जुन्या पद्धतीचा संच हवा होता. रेडिओकाकांना आनंदाचं भरतं आलं. हल्ली असलं काम मागतो कोण? चार महिने खपून त्यांनी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, एकेक सांधा स्वतः जोडला, खोक्याला आतून लोकर लावली. शेवटी तो गृहस्थ म्हणाला, "खालच्या बाजूनं अजून एक वायर आत घेता येईल अशी सोय करा. दिसायला नको मात्र."

"कशाला?" काकांनी विचारलं.

"असंच. माइकबिइक लावायला."

दिसायला का नको, हे काकांनी विचारलं नाही. त्या गृहस्थानं केलेल्या कौतुकानंच त्यांचं पोट भरलं होतं.

"पुढचं नाव!" स्वयंसेवक ओरडला, आणि काकांच्या शेजारची आक्का उठली. ही त्यांची थोरली बहीण. तिचा एकुलता एक मुलगा आठ महिन्यांपूर्वी तापानं गेला होता. तीच भावाला हाताला धरून इथे घेऊन आली होती.

खोका कुजबुजला, "काय आईसाहेब, ओळखलंत का?"

आक्का खोक्याकडे दोन पावलं सरकली. पोरगा तिला चेष्टेनं आईसाहेबच म्हणायचा. "सोन्या! अरे, बरा आहेस ना रे?"

"सुखात आहे. तुम्ही मात्र त्या हृदयाच्या गोळ्या सोडा, आईसाहेब. नादपाणी घ्या. मी आहे त्यात."

नादपाणी म्हणजे खोक्यावर ठेवलेल्या बाटल्यांतलं पाणी. आवाज झाला की ते थरथरायचं आणि लोक हात जोडायचे. खोक्यावर डाळीची वाटी ठेवली असती तर तीही थरथरली असती.

रेडिओकाकांनी उठायला हवं होतं. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण तेवढ्यात आक्का वळली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ती हसत होती. काका स्वतःला म्हणाले, राहू दे, तेवढंच तिला सुख. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की, संच कोणी बनवला हे चार लोकांत निघालं असतं. ते गप्प बसले. घरी जातानाही गप्पच होते.

तीन आठवड्यांनी आक्काला दवाखान्यात दाखल करावं लागलं. छातीत कळ आली, स्वयंपाकघरातच कोसळली. थोडक्यात वाचली.

"गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्या मुलाच्या," आक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. मुलगा गेल्याची नोंद त्यात होती. त्यांनी काकांकडे बघितलं. "तुम्ही भाऊ ना? तुम्हाला माहीत होतं?"

काकांची मान खाली गेली. फरशीच्या फटी मोजत ते एवढंच म्हणाले, "हो."

पुढच्या सभेला ते पहिल्या रांगेत बसले. कुजबुज सुरू झाली तसे उठले, तडक मंचावर गेले आणि दोन बोटांनी टर्नटेबलचा दांडा वर उचलून धरला. पिन अधांतरी झाली. खोका मात्र बोलतच होता, "...मी सुखात आहे, काळजी करू नकोस..."

सभागृहात खसखस पिकली.

"अरे, बंद करा!" बाबा किंचाळले.

खोक्यातून बाईचा स्वच्छ, खणखणीत आवाज आला, "काय म्हणालात बाबा? मागे नीट ऐकू येत नाहीये!"

दोन स्वयंसेवक धावले, पण पहिल्या रांगेतली माणसं आडवी आली. काकांनी टर्नटेबलचा प्लग काढून अ‍ॅम्प्लिफायर उताणा केला. खालून निघालेली बारीक वायर सतरंजीखालून मागच्या खोलीत गेली होती. लोकांनी दार ढकललं. आत एक बाई माइक घेऊन बसली होती आणि तिच्यासमोर नावनोंदणीच्या कागदांचा गठ्ठा होता. गेलेल्याचं नाव, नातं, लाडानं काय म्हणायचा, घरच्यांचे आजार. सगळं लोकांनीच बाहेरच्या टेबलावर लिहून दिलेलं.

"आणि हे भोक," काका म्हणाले. "हे मी पाडलंय. हा संच मी बनवलाय. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी बोललो नाही."

टाळ्या पडल्या नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "लाज नाही वाटली?" बाबांना पोलीस घेऊन गेले. काकांनीही चौकीत बसून सगळं लिहून दिलं, स्वतःच्या नावासकट.

आक्काला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "बाबा चोर होता, ते चोराचं कामच. पण तू शेजारी बसला होतास रे. मी त्या खोक्याशी बोलत होते आणि तू बघत होतास."

"चुकलो, आक्का."

"पोराला दुसऱ्यांदा पोचवून आले मी आता." तिनं तोंड भिंतीकडे केलं. जरा वेळानं तशीच पाठमोरी हात पुढे करून म्हणाली, "गोळी दे. पाणी साध्या नळाचं आण."

काकांनी पाणी आणलं. तिनं गोळी घेतली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. पुढेही कितीतरी दिवस बघितलं नाही.

गेलेलं माणूस परत बोलत नाही, हे कडू आहे, पण खरं आहे. बोलल्यासारखं वाटलं तर वायर कुठे जाते ते आधी बघा. आपली माहिती आपणच कोणाला लिहून दिली होती का, ते आठवा. आणि डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आता एक शेवटचं, ज्याला आतली गोष्ट कळते त्याच्यासाठी. भोंदू बाबा नुसत्या भोळ्यांच्या जिवावर उभा राहत नाही. तो उभा राहतो, ते चौथ्या रांगेत गप्प बसलेल्या जाणत्या माणसामुळे. तो जाणता तुम्ही असाल, तर उठा. तीन आठवडे थांबू नका.