साताऱ्यात एकटी उभी राहिलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. जुनी म्हटल्याबरोबर चेहरे पाडू नका. मला वाळवी लागलेली नाही, मी मोडलेली नाही आणि अजून कुणी मला चुलीत घातलेले नाही. घालून बघावेच कुणीतरी! तेव्हा कीव करायच्या तयारीने बसला असाल, तर ती तुमच्याजवळच ठेवा. मला सांगायची आहे एका सहलीची हकिकत. पण ती नीट कळायची, तर आधी माझा जन्म कळला पाहिजे.

मी पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात वाढले. तिथे चिवा नावाचा बांबू होतो, आतून भरीव. पोकळ बांबूची टोपली होते, शिडी होते. काठी व्हायला मात्र आतून भरलेले असावे लागते. कोंडीबा तेव्हा विशीतला, मेंढरे घेऊन त्या वाटेने निघालेला. त्याने अख्ख्या बेटातून मला निवडले. माझ्या वयाचाच तो, म्हणून मी त्याला एकेरीच बोलते. त्याने मला शेकोटीवर फिरवून फिरवून शेकले, वाकडी होते तिथे गुडघ्याखाली दाबून सरळ केले आणि महिनाभर रोज करडईचे तेल पाजले. कडेगावच्या लोहाराने खाली लोखंडी टोपण बसवले, वर पितळेच्या तीन कड्या घातल्या. त्या वर्षी माझ्याइतकी देखणी काठी साऱ्या माणदेशात नव्हती. हे मी म्हणत नाही, दगडाबाई म्हणाली. ती कोंडीबाची नवी नवरी होती आणि अजून नवऱ्याशी मोकळेपणाने बोलत नव्हती, म्हणून त्याच्या काठीचे कौतुक करायची.

मेंढपाळाची काठी मेंढरांना मारायला असते असे तुम्हाला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. चाळीस वर्षांत माझा एक फटका मेंढीला लागलेला नाही. लांडग्याला लागला आहे, दोनदा. माझे काम राखायचे. कळप कधी एकटा सोडायचा नाही, हा आमचा नियम. राखायला थांबेल त्याच्या हातात मी. कोंडीबाच्या हातात मी असले की दगडाबाई मोकळी, पाण्याला जावो नाहीतर बाजाराला. तिच्या हातात मी असले की तो मोकळा. दोघे एकदम मोकळी, असा दिवस आमच्या पंचांगात नव्हताच. भावाच्या लग्नाला ती गेली, तो राहिला. जत्रेला तो गेला, ती राहिली. स्वतःच्या मुलाच्या, सूरजच्या लग्नातसुद्धा कोंडीबा अक्षता टाकून न जेवताच कळपाकडे पळाला.

फारच अडले तर एक युक्ती होती. मला जमिनीत रोवायचे, माझ्यावर घोंगडे पांघरायचे आणि वर मुंडासे चढवायचे. लांबून माणूस उभा आहे असे वाटे. मेंढरे शांत राहत आणि लांडगा आल्या वाटेने परत जाई. पण कोंडीबाला स्वतःलाच धीर निघत नसे. पाच मिनिटांत धापा टाकत परत.

"काठीला काय कळतंय?" म्हणायचा.

हे वाक्य मी विसरलेले नाही.

दर हिवाळ्यात दिवाळी झाली की आम्ही आटपाडीकडून निघायचो आणि साताऱ्याच्या रानात यायचो. खतासाठी शेतकरी आपल्या वावरात मेंढरे बसवून घ्यायचे. समोर अजिंक्यतारा, त्याच्या पोटाशी शहर. मराठ्यांची राजधानी ती! आणि आम्ही तिच्या कडेकडेने जाणारे. दोनशे मेंढरे घेऊन राजधानीत कोण शिरू देणार? दगडाबाई भाकरी थापता थापता वर बघायची.

"आवं, तिथं वर काय असंल?"

"असंल काय तरी. फुडच्या साली बघू."

अशी चाळीस पुढची साले गेली.

मग दोघांचे गुडघे दुखायला लागले, सूरज साखर कारखान्यात कामाला लागला आणि कळप दुसऱ्या मेंढक्याच्या मागे गेला. मला दाराआड उभे केले. सून उत्कर्षा हिने एक दिवस माझ्या टोकाला केरसुणी बांधली आणि छताची जळमटे काढली. मुलगी वाईट नाही. तिला उंच काहीतरी हवे होते आणि मी उंच होते, एवढेच. पण लांडगा लोळवलेल्या काठीने कोळ्यांच्या मागे लागायचे? मी दर वेळी ती केरसुणी खाली पाडली. मला जमण्यासारखे तेवढेच होते आणि तेवढे मी केले. सहा वर्षे केले.

गेल्या दिवाळीनंतर कोंडीबाला मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेलाच होता आणि डाव्याने नळीतून बघावे तेवढेच दिसत होते. बाई म्हणाल्या, "औषधानं पुढचं हळू करता येईल, बाबा. पण गेलेलं परत येत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या."

त्या दिवशी घरात कुणाला जेवण गेले नाही. दगडाबाई उठली, दाराआडून मला बाहेर काढले, केरसुणी सोडून कोपऱ्यात फेकली आणि म्हणाली, "साताऱ्याला जायचं."

"आये, ह्या थंडीत?" सूरज म्हणाला. "आन् आबांना नीट दिसतंय कुठं?"

"दिसत न्हाई म्हणूनच. दिसत असतं तर फुडच्या साली गेलो असतो."

"मग मी येतो संगं."

"तू कशाला? आमी दोघंच जाणार. लगीन झाल्यापास्नं दोघांनी मिळून एक गोष्ट बघितली न्हाई. एक तरी बघायची हाय मला, ह्यांचा डोळा हाय तवर."

मला माझ्या तिन्ही पितळी कड्यांपर्यंत शहारा आला.

तर डिसेंबरात आम्ही एसटीने साताऱ्याला उतरलो. कोंडीबा, दगडाबाई, भाकरीची पिशवी, घोंगडे आणि मी. स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. खोलीला चांगले दणकट कुलूप होते. तरी जेवायला आधी ती खाली गेली आणि तो मला हातात धरून खाटेवर बसला. ती आली, मला तिच्या हातात दिले आणि तो जेवायला गेला. मी मनात म्हटले, अहो, राखताय काय? खोलीत एक पिशवी, एक घोंगडे आणि मी. आमच्यातले कोण पळून जाणार होते?

पण सवय मोठी चिवट असते. चिव्याहून चिवट.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय बघायला गेलो. दारावरचा माणूस म्हणाला, "आजोबा, काठी आत चालायची नाही." कोंडीबाला राग यायला हवा होता, पण उलट त्याचा जीव भांड्यात पडला. काय करायचे ते त्याला पाठ होते.

"जा तू. मी थांबतो."

अर्ध्या तासाने ती बाहेर आली ती उजळलेल्या तोंडाने. "आवं, तलवारी काय, चिलखतं काय! एक भाला तर आपल्या काठीएवढाच हाय. काचंत ठिवलाय, वर लाईट सोडलाय. जावा, जावा तुमी."

मी सगळे ऐकत होते. काचेत असले की वर दिवा आणि पहारेकरी, हातात असले की दाराबाहेर. असो. भाल्याचे अभिनंदन. पण त्याने शेवटचा लांडगा कधी हाकलला ते त्याला विचारा.

मग कोंडीबा आत गेला आणि दहा मिनिटांत परत आला.

"भाला बघितला?"

"अंधार व्हता गं आत."

अंधार नव्हता हे दगडाबाईला माहीत होते. नुकतीच तर ती लाईटचे सांगत होती. त्या दुपारी चार भिंती नावाच्या टेकडीवरच्या स्मारकापाशीही तसेच झाले. तिथे ना तिकीट, ना दार, ना मला कुणाची मनाई. तरी एक वर, एक खाली. अर्धी राजधानी तिची, अर्धी त्याची, आणि दोन्ही अर्धे कुठे जुळेनात.

राहिला अजिंक्यतारा. तिसऱ्या दिवशी दुपारची एसटी होती, म्हणून सकाळीच रिक्षाने निघालो. रिक्षा जिथे थांबते तिथून पुढे दरवाज्यापर्यंत पायऱ्या. पायऱ्यांच्या तोंडाशी हाजराबीची चहाची टपरी होती.

"या मामा, या मावशी! आल्याचा चा हाय, गळा साफ व्हतोय."

"आदी मी जाऊन येतो," कोंडीबा म्हणाला. "वाट कशी हाय ते बघतो." नियमाप्रमाणे मला त्याने दगडाबाईच्या हातात दिले आणि पायऱ्या चाचपत गेला.

तिचा चहा निवायच्या आत परत आला.

"झालं?" तिने विचारले.

"व्हय. बघितला. लय भारी हाय."

"काय काय हाय?"

"किल्ला हाय."

धोतराच्या गुडघ्याला तांबडी माती लागली होती. तळहात खरचटला होता, तो त्याने पाठीमागे लपवला. "आता तू जा," तो म्हणाला. "दमानं बघ. मी थांबतो काठीपाशी."

हाजराबी चहा गाळता गाळता थांबली. "मावशी, एक इचारू? राग न्हाई ना येणार? आल्यापास्नं बघतीया, एक गेला की दुसरा थांबतोय. पिशवीत सोनं हाय का?"

"भाकरी हाय. शेंगदाण्याची चटणी हाय."

"मग? कोण नेतंय भाकरी? लय तर माकडं नेतील. फिरायला आलाय का पहाऱ्याला?"

दगडाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मागे वळून बघितले. मित्रांनो, मी शपथेवर सांगते, ती कळप बघत होती. मागे कळप नव्हता. एक रिक्षा होती आणि दोन शेंगदाण्यांच्या गाड्या.

ती उठली. टपरीमागे कप धुतलेले पाणी टाकून जमीन मऊ झाली होती. तिथे तिने मला दोन्ही हातांनी रोवले. असे रोवले की लोखंडी टोपणाखालचा दगड सरकला. घोंगडे माझ्या खांद्यावर टाकले, पिशवी आत अडकवली आणि कोंडीबाच्या डोक्यावरचे मुंडासे उचलून माझ्यावर चढवले.

"अगं, अगं! डोकं उघडं पडलं माझं!"

"पडू दे. हिवाळ्यात ऊन लागत न्हाई."

"आन् काठीबिगर चढू कसा?"

"हात हाय की माझा. धरा."

"लोकं बघत्यात गं."

"लोकं किल्ला बघायला आल्यात. तुमाला बघायला कोन येतंय ह्या वयात?"

"कुणी नेली काठी तर? काठीला काय कळतंय?"

"नेऊ दे," दगडाबाई म्हणाली.

नेऊ दे! चाळीस वर्षांच्या सेवेनंतर नेऊ दे! क्षणभर मला इतके लागले की मी तिथेच आडवी होणार होते. पण तिचा हात बघितला. तो रिकामा होता. ज्या हातात एवढी वर्षे मी होते तो हात तिने त्याच्यापुढे धरला होता. मी आडवी झाले असते, तर कोंडीबा मला उचलायला थांबला असता. मग मी ठरवले. आज काय वाटेल ते होवो, पडायचे नाही.

"जावा मामा बिनघोर," हाजराबी म्हणाली. "तुमच्या ह्या नव्या पावण्याला मी चा पाजते."

त्याने हात धरला. पहिल्या तीन पायऱ्या चोरासारखा चढला, मग डोंगर चढायच्या जुन्या सवयीने चालू लागला. वळणावर तो थांबला आणि आपला नळीएवढा डोळा खाली फिरवला.

"अगं, तिथं कोन थांबलंय? घोंगडं पांघरून उभं हाय बघ कुणीतरी."

"तुमीच हाय ते," दगडाबाई म्हणाली.

"आं?"

"तुमालाच ठिवून आलोय खाली, राखायला. आता वर कोन येतंय माझ्यासंगं ते बघायचंय."

तो हसला. पहिल्या सालात, मला तेल पाजताना, असा हसायचा. हसत हसतच दोघे दरवाज्याच्या आत गेली.

मी एकटी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा, घटकाभराहून जास्त. वारा आला, घोंगड्यात शिरून ओढू लागला. मी हलले नाही. एक कुत्रे आले, हुंगून गेले. सहलीच्या पोरी मला "आजोबा, हसा की!" म्हणाल्या, फोटो काढला आणि जवळ आल्यावर किंचाळल्या. माकडाने एक भाकरी नेली. हाजराबीचा अंदाज तेवढा खरा ठरला.

आणि मग वर तटावर दोन माणसे दिसली. एक हिरवे लुगडे, एक उघडे पांढरे डोके. त्याने हात लांब करून कोरेगावकडची राने दाखवली, आमच्या तळांची. हात थोडा चुकला असावा, कारण तिने त्याचे मनगट धरून जरासे डावीकडे सरकवले. मग बराच वेळ दोघे त्याच दिशेला बघत राहिली. काय बोलली ते मला ऐकू आले नाही. आणि मित्रांनो, सगळेच काठीला कळायला हवे असेही नाही.

खाली आल्यावर कोंडीबाने मला चाचपले. घोंगडे, पिशवी, तिन्ही कड्या.

"हाय की गं उभी!" तो म्हणाला. त्या आवाजात चाळीस वर्षांची माफी होती. मी ती घेतली.

आता उत्कर्षाच्या मनात मला कड्या चकाकवून भिंतीवर टांगायचे आहे. दगडाबाईने ठणकावून सांगितले, "ती कामाची हाय." खरेच आहे. उद्या कोंडीबाचा उरलेला डोळा गेला, तरी वाट दाखवायला मी आहे. आणि मी एकटीच असायला पाहिजे असेही आता राहिलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. महिन्यातून एकदा तेल पाजा आणि केरसुणी बांधू नका. पण तुमच्या घरात कुणी सदा मागे थांबणारे असेल, "तुमी जावा, मी थांबते" म्हणणारे, तर त्याच्या हातात जे काही असेल ते काढून घ्या. जमिनीत रोवा, खुंटीला टांगा, नाहीतर शेजारणीकडे द्या. ते राहील उभे. मी नाही का राहिले, साताऱ्यात, भर वाऱ्यात, एका भाकरीच्या नुकसानीत?