उजवीकडेच पडणारी पाकळी

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमलीत. चुकल्यामाकल्याला सांभाळून घे, रे म्हाराजा..."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आईचं बोट धरावं लागत होतं. शिमग्याची पालखी देवळापुढे टेकलेली, आणि रावजी गुरव गाऱ्हाणं घालत होते. आवाज काही मोठा नव्हता. भाताच्या खाचरात पाणी सोडलं की ते कसं न सांगता बांधापर्यंत जातं, तसा तो अंगणभर पसरायचा. वाक्य संपलं की आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय म्हाराजा."

रावजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज यंदा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत परत आला, मोबाइलमधून.

मालगुंडच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत त्या दिवसांत कोणाच्या घरी भात वेळेवर शिजत नव्हता. जो तो फोन पुढे धरून हात जोडून बसलेला. नवोदय आघाडीने 'घरचा कौल' नावाची वेबसाइट काढली होती. फोनवर ती उघडायची, आपला नंबर घालायचा, मनातला प्रश्न बोलायचा. मग पडद्यावर आमच्या ग्रामदेवतेची मूर्ती दिसायची, तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार, देवळातल्यासारखंच. आणि पाकळी पडताना रावजींचा आवाज यायचा.

"बाय सगुणा, तुझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू माझ्या ध्यानात हाय. तुझा लेक वेद मुंबैला एकटा हाय, त्याच्यावर माझा हात हाय. तू शिडीचं बटण दाब, बाकी माझ्यावर सोड."

सगुणावहिनींच्या हातून फोन पडला, तो थेट माशाच्या कालवणात. "डावा डोळा बोलला," त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. "उजवा नाय म्हटलान. डावाच म्हटलान."

शिडी ही नवोदयवाल्यांची निशाणी आणि हरिहरशेठ त्यांचे उमेदवार. आमच्या विहिरीच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, जांभ्या दगडाची जी खाण आहे, ती त्यांचीच. खाण खोल गेली तशी विहीर आटत गेली. गेल्या उन्हाळ्यात टँकर आला तेव्हा वाडीने देवळात बसून ठरवलं होतं की या माणसाला मत नाही. आता त्याच देवळातला देव शिडीचं बटण दाबायला सांगत होता. देवाचं मन कधी बदललं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

प्रचाराचं सगळं गौरव नावाचा एक गोड मुलगा बघायचा. पायांत पांढरे बूट, कपाळाला गंध. "पूर्वी देव ढगात होता, काका," तो मला म्हणाला, "आता क्लाउडवर आहे. फरक काहीच नाही, फक्त रेंज वाढली."

"आणि समोरच्या पक्षाच्या मतदारांनाही उजवाच कौल मिळतो का?"

"श्रद्धा असेल तर मिळतो."

समोरचा पक्षही काही झोपला नव्हता. त्यांच्या वेबसाइटवर देवीची ओटी ऑनलाइन भरता येत होती. नारळ पडद्यावर फुटायचा, पण खोबरं कोणाला मिळालं नाही, म्हणून लोकांचं मन तिकडे फारसं रमलं नाही.

आवाज रावजींचाच, याला आता एकच साक्ष हवी होती, ती त्यांच्या बायकोची. हौसाकाकी वाडीच्या टोकाला एकट्या राहतात. वेबसाइट आल्यापासून लोक त्यांच्या पाया पडायला जात होते. "काकी, तेच ना?" असं विचारलं की त्या पदराने डोळे टिपायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. गप्प राहिल्या म्हणजे हो म्हणाल्या, असा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीने लावला होता. गौरवने शेवटची सभा देवळाच्या अंगणात ठेवली. मोठ्या पडद्यावर कौल होणार, काकी उठून 'तेच आहेत' म्हणणार, आणि वाडीचं मत एकगठ्ठा शिडीला जाणार. मग खाण आणखी खाली उतरणार, हे कोणी बोलत नव्हतं. पण सभेला येताना प्रत्येकाने विहिरीकडे पाहायचं टाळलं, ते मी पाहिलं.

माझी भाची ऋतिका रत्नागिरीत कॉलेजात संगणक शिकवते. तिला मी बोलावून घेतलं होतं. ती येऊन पुढच्या बाकावर शेंगदाणे खात बसली.

पडद्यावर मूर्ती आली. देवळाचे मानकरी आप्पा यांनी हात जोडून विचारलं, "हरिहरशेठला मत देऊ काय, म्हाराजा?" उजवी पाकळी पडली. अंगण गदगदलं. "व्हय म्हाराजा."

ऋतिका उठली. "आप्पा, मी एक विचारू?"

"विचार गो, विचार. देव सगळ्यांचा."

तिने स्वतःचा फोन पडद्याला जोडला. तिचा नंबर वेबसाइटला माहीत नव्हता, त्यामुळे वेबसाइटने तिलाच नाव आणि घरची माहिती विचारली. तिने टाइप केलं: नाव मनी, वय तीन, मुलं पाच, घर आप्पांच्या पडवीत. मग प्रश्न विचारला, "हरिहरशेठला पाडू काय, म्हाराजा?"

उजवी पाकळी पडली. रावजींचा आवाज भरून आला, "बाय मनी, तुझ्या पाची मुलांच्या नोकरीचं माझ्या ध्यानात हाय. तू शिडीचं बटण दाब."

"मनी म्हणजे आमची मांजर काय?" आप्पांनी विचारलं. मागच्या बायकांत खसखस पिकली.

"हरिहरशेठला पाडायलाही देवाचा होकार आला," ऋतिका म्हणाली. "कारण डावी पाकळी इथे पडतच नाही. पडायची सोयच ठेवलेली नाही."

"तांत्रिक अडचण आहे," गौरव म्हणाला.

"मग सगुणावहिनीच्या डोळ्याचं कसं कळलं?" मागून कोणीतरी विचारलं.

ऋतिका सगुणावहिनींकडे वळली. "मामी, मोफत डोळे तपासायला शिबिरात गेला होतात ना? तिथे फोन घेऊन बसलेल्या मुलींनी काय काय विचारलं?"

सगुणावहिनी आठवू लागल्या. "नंबर विचारलानी. वेद कुठे असतो विचारलानी. चांगल्या पोरी होत्या गो, चहापण दिलानी."

"त्या चहाबरोबर तुमचं घर घेऊन गेल्या. ते शिबिर या नवोदयवाल्यांचंच होतं."

"आवाजाचं काय?" आप्पा आता तापले होते. "आवाज का शिबिरात मिळतो?"

"शिमग्याच्या पालखीचा जुना व्हिडिओ तुमच्याच मुंबईच्या मंडळाने इंटरनेटवर टाकलाय. थोडा आवाज मिळाला की तो घोटवून यंत्राकडून हवं ते म्हणवून घेता येतं. तुम्ही सकाळी सगळ्यांना सुविचार बोलून पाठवता ना, आप्पा?"

तिने फोनवर काही दाबलं. आप्पांचा खणखणीत आवाज अंगणात घुमला, "सुप्रभात. देवळामागच्या फणसाचे गरे दर साली मीच खातो आणि नाव माकडांवर घालतो."

आता मात्र सभा उधळायची वेळ आली. "मी असा कधी बोललो नाय," आप्पा म्हणाले.

"बोलला नाहीत. खाल्लेत का ते मला माहीत नाही."

पण माणसाला एकदा चमत्कार मिळाला की तो सहज सोडवत नाही. थोड्या वेळाने हसू ओसरलं आणि आप्पाच म्हणाले, "यंत्र माझी नक्कल करील. म्हणून देव यंत्रात येणारच नाय असा थोडाच हाय? हौसाक्का, तू सांग. तुझ्या घोवाचा आवाज तूच ओळखशील."

गौरवने लगबगीने माइक पुढे केला. काकींनी तो घेतला नाही. त्या पदर सावरून उठल्या.

"मना पयल्या दिवशीच कळला," त्या म्हणाल्या. "ते नव्हत."

त्यांनी आपला फोन वर धरला.

"त्यातनं आवाज आला, 'हौसा, मी हाय.' अरे, उभ्या संसारात त्यांनी माजा नाव कधी घेतलानी नाय. 'अगो' म्हणायचे, नायतर नुसते खाकरायचे. लग्नात सगळ्यांनी 'नाव घे' म्हणून धरला तेव्हापण घास भरवलानी नि नाव गिळलानी. आजारात हाक मारायची झाली तरी 'अगो' होता. ह्या पोरांनी यादीतला नाव वाचलानी नि त्यांच्या तोंडात घातलानी."

"मग इतके दिवस का बोलली नाहीस, काकी?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे बघून हसल्या, लाजल्यासारख्या. "ऐकायला बरा वाटत होता रे. खोटा हाय म्हायत होता, तरी दुपारची एकटी असले की फोन दाबायचे. परत दाबायचे. तेवढी माजी हौस झाली. पण माज्या हौसेपायी वाडीची विहीर आटायला नको."

मग त्या आप्पांकडे वळल्या. "आणि ते मना सांगायचे, पाण्याने चिकटवलेला फूल सुकला की पडतो. ज्या बाजूला पाणी कमी, ती आधी. देव कोणाच्या कानात येऊन सांगत नाय. म्हणून कौल लावायच्या आधी ते चार घरी जाऊन लोकांच्या मनातला विचारून यायचे. तुमीपण मत द्यायला जाताना वाट वाकडी करा नि विहिरीत डोकावून बघा. पाणी दिसला तर द्या शिडीला. नाय दिसला तर नको. त्यात देवाला कशाला विचारायचा?"

कोणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. गौरव पडद्याची वायर गोळा करू लागला. काकी मात्र बसल्या नाहीत.

"ते गेल्यापासून मना कोणी नाव घ्यायला सांगितला नाय," त्या म्हणाल्या. "विधवेला कोण सांगतो? आज मीच घेते."

त्यांनी एकदा देवळाकडे पाहिलं, एकदा त्या काळ्या झालेल्या पडद्याकडे.

"काचेवरच्या फुलाला ना देठ ना वास,
रावजींचं नाव घेते, मत माझं माझ्यापास."