बाराशेचे बारा

मित्रांनो, मी एक जुना कंपायलर आहे. माणसे एका भाषेत आज्ञा लिहितात आणि मी त्या यंत्राला कळतील अशा करून देतो. माझी भाषा तुमच्या आजोबांच्या काळातली. तेव्हा पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून आज्ञा देत आणि कार्डावरची पहिली बहात्तर घरेच वाचली जात. कार्डे गेली, नियम राहिला. आजही मी ओळीतली बहात्तर अक्षरे वाचतो आणि पुढचे शेपूट छाटून टाकतो.

मी फुकट मिळतो, त्यामुळे मला कुणी वाली नव्हता. नकाशे काढणाऱ्या एका ताईने मला पदरात घेतले. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून ती माझी दुखणी काढायची. नवी आवृत्ती बांधण्याआधी साडेआठशे चुकीचे प्रोग्रॅम माझ्यावर सोडून मला अक्षरशः बडवून काढायची. मार खाऊनच मी शहाणा झालो. मग ती मला इंटरनेटवरच्या सार्वजनिक भांडारात ठेवायची आणि गावोगावचे कारखाने मला घेऊन जायचे.

शेपूट छाटताना मी इशारा द्यायचो, 'ओळ लांब आहे, पुढचे सोडले.' पण जुने लोक त्या शेपटात कार्डांचे क्रमांक लिहीत. त्यामुळे मी हजारदा ओरडायचो आणि त्यातल्या नऊशे नव्याण्णव वेळा उगाच. तक्रारी आल्या. ताई वैतागून म्हणाली, "किती कटकट करतोस रे," आणि पुढच्या आवृत्तीत तिने माझा इशारा बंद करून टाकला.

ताईचा थोरला भाऊ पत्र्याच्या कारखान्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर होता. तिथल्या प्रोग्रॅमरने माझी नवी आवृत्ती घेतली. त्याच सुमारास त्याने प्रेसच्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीतले नाव नीट कळावे म्हणून लांबवले. ओळ उजवीकडे सरकली आणि शेवटच्या आकड्यातली दोन शून्ये बहात्तराच्या पलीकडे गेली. पत्रा ठेवल्यावर हात काढून घ्यायला प्रेसने थांबायचे होते सेकंदाचे बाराशे सहस्रांश, म्हणजे सेकंदाहून थोडे जास्त. मी बाराशेचे बारा केले आणि मूग गिळून बसलो.

सकाळच्या पाळीत दादाने पहिलाच पत्रा आत सरकवला. प्रेस धाडकन कोसळला. रक्त समोरच्या भिंतीवर उडाले. साथीदारांनी पहार घालून प्रेसचा जबडा उचकटला तेव्हा उजव्या हाताची चार बोटे आणि अर्धा तळहात पत्र्याला चिकटून राहिला होता. दादा गुरासारखा ओरडत होता.

तीन आठवड्यांनी प्रोग्रॅमर त्या ओळीचा छापील कागद घेऊन ताईच्या घरी आला. दादाही तिथेच होता. "ताई, तुमच्या कंपायलरनं तोंडातून शब्द काढला नाही."

ताई पांढरीफटक पडली. "मीच बंद केला होता इशारा."

दादाने डाव्या हाताने प्रोग्रॅमरची कॉलर धरली आणि त्याचे तोंड दोनदा दाराच्या चौकटीवर आपटले. त्याचे नाक फुटले. मग दादाने कपाटावरचा हातोडा उचलला आणि तो कॉम्प्युटरकडे वळला. ताईने आपला उजवा हात कळफलकावर ठेवला.

"त्यानं काय केलंय? चूक या हातानं केली. मार."

हातोडा खाली आला. ताईने हात हलवला नाही. शेवटच्या क्षणी दादाने मनगट वळवले आणि पडद्याचा चुराडा झाला. काच ताईच्या गालात घुसली. तो मारतच राहिला, डबा चेपून सपाट होईपर्यंत. मी मेलो नाही, कारण माझ्या प्रती जागोजागी होत्या. बहीणभाऊ मात्र चार महिने एकमेकांशी बोलले नाहीत. माझ्यामुळे हे झाले, याची मला आजही लाज वाटते.

पाचव्या महिन्यात दादा आपणहून आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "याला सांभाळायचं कसं, ते शिकव."

आता वेगळा लिहिलेला कार्डाचा क्रमांक सोडून दुसरे काहीही छाटले जाणार असेल, तर मी प्रोग्रॅम बनवतच नाही. रोज शिव्यांची पत्रे येतात. मित्रांनो, मला सांभाळा, पण माझे तोंड बांधू नका. परवा एकाने लिहिले, 'हा अडथळा काढून टाका, आमचं काम खोळंबलंय.' दादाने डाव्या हाताने एकेक कळ शोधत उत्तर लिहिले, 'काढतो. आधी माझा उजवा हात आणून द्या.'