उघडले

हिरवा ठिपका होता. अजूनही होता. संगणकावरच्या यादीत धाकट्या भावाच्या, ढब्बूच्या नावापुढे मोहरीएवढा हिरवा ठिपका आणि त्याच्या शेजारी एकच शब्द – उघडले. खुर्चीत नीट बसण्याआधीच, पर्स खांद्यावर तशीच ठेवून, तिनं यादी पुन्हा ताजी करून पाहिली... उघडले. आजही, पहाटे केव्हातरी. म्हणजे झोप लागत नसणार त्याला, म्हणजे पडल्या पडल्या फोन हातात घेऊन ताईचं पत्र पुन्हा वाचत असणार आणि काय लिहावं ते सुचत नसणार – लहानपणीही चूक स्वतःची असली की तो असाच घुम्यासारखा ताटातलं चिवडत बसायचा, आणि शेवटी आपणच म्हणायचो, बरं बाबा, ऊठ आता.

गाद्या-उशांच्या कंपनीत जाहिरातीच्या ईमेल लिहिणं हे तिचं काम. हजारो लोकांना एका दमात पत्र जायचं. प्रत्येक पत्रात डोळ्यांना न दिसणारं एक चित्र लपवलेलं असायचं, पांढऱ्यावर पांढरा ठिपका. पत्र उघडलं की ते चित्र कंपनीकडून मागवलं जायचं, आणि मागवलं गेलं की इथे कळायचं. धाकट्या भावाला लिहिताना तिनं स्वतःचा घरचा ईमेल सोडून हे ऑफिसचं यंत्र वापरलं, ते एवढ्यासाठीच. दूरच्या शहरातली नोकरी गेल्यापासून त्यानं नंबर बदलला होता, घरात कुणाशी बोलत नव्हता. उत्तर नको देऊस, पण वाचलंस एवढं तरी कळू दे... आईच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि आई हटून बसली होती – ढब्बू आल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर चढायची नाही. मग ठिपका हिरवा झाला. “आई, त्यानं वाचलंय,” ती म्हणाली, आणि आईनं त्याच संध्याकाळी डॉक्टरांना होकार कळवला. गुरुवार ठरला. तेव्हापासून आई रोज दुपारी फोन करते आणि एकच विचारते, “आज उघडलं का गं?”

आज उघडलंय, आई. पण परवा गुरुवार आहे.

सकाळच्या बैठकीत विक्रीप्रमुखांनी तिचाच अहवाल पडद्यावर लावला. “एवढ्या लोकांनी पत्र उघडलं,” ते म्हणाले, “आणि उशीचा एक अभ्रा खपला नाही? उघडून काय, वास घेतला?”

सगळे हसले. तीही हसली, हसायचं असतं म्हणून.

“माणसांनी कुठं उघडलंय, साहेब,” कोपऱ्यातून मिस्त्री म्हणाला. ऑफिसचे सगळे संगणक तोच जुळवायचा, म्हणून मिस्त्री. “हल्ली फोनच उघडतो. पत्र आलं की आतली चित्रं आधीच ओढून ठेवतो, पुढेही पुन्हा पुन्हा ओढत राहतो, त्यात आपला ठिपकाही जातो. माणूस खुशाल घोरत असतो.”

“मग जे उघडलं नाही असं दिसतं, ते तरी खरं?”

“तेही नाही. चित्रं बंद ठेवून वाचणारे असतात ना. आपल्याला कापूस पुरवतो तो कापूसवाला बघा. यादीत त्यानं काहीच उघडलेलं नाही, आणि काल आपल्याच पत्रातली चूक काढून त्यानं उत्तर पाठवलंय.”

पुन्हा हशा. तिच्या हातातलं पेन मात्र कागदावर एकाच जागी फिरत राहिलं, कागद फाटेपर्यंत. पहाटे... पहाटे तो जागा नव्हता. ताईचं पत्र छातीवर ठेवून छताकडे पाहणारा तो मुलगा, ज्याच्याशी मी गेले कित्येक दिवस मनातल्या मनात बोलते आहे, तो कुठे नव्हताच. तिला बाबा आठवले. तोंडासमोर पेपर उघडून आरामखुर्चीत झोपायचे, आणि आई म्हणायची, उघडलाय म्हणून वाचतायत असं समजू नका रे. हे घरातच शिकले होते की मी!

बैठक संपल्यावर ती मिस्त्रीच्या टेबलाशी रेंगाळली. “पहाटे उघडलेलं असलं तर?”

“मग फोनच. रात्री चार्जिंगला लावून ठेवतात ना, तेव्हाच करतो तो बहुतेक असली कामं.” त्यानं मान वर केली. “कोण आहे?”

“एक जुनं गिऱ्हाईक,” ती म्हणाली, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

जागेवर येऊन तिनं ते पत्र उघडलं – भावाला दिसलं असेल, किंवा दिसलं नसेल, तसंच. आईच्या झडपेविषयी, गुरुवारविषयी, रागावलो नाही आम्ही कुणी, नुसता ये... शेवटी तुझी ताई. आणि ताईच्या खाली, यंत्र प्रत्येक पत्राला चिकटवतं ती बारीक करडी ओळ, जी तिनंच लिहिली होती आणि म्हणूनच तिला कधी दिसली नव्हती: यापुढे आमची पत्रे नको असल्यास येथे दाबा.

आमची! म्हणजे माझी आणि आईची. हे वाचलं असेल त्यानं? देवा, हेच तेवढं वाचलं असेल? दाबणाऱ्यांची वेगळी यादी असते. तिनं ती उघडली. ढब्बूचं नाव तिथे नव्हतं. तिनं श्वास सोडला, मग पुन्हा अडला – दाबलं नाही कारण आम्ही हवे आहोत, की दाबलं नाही कारण काही पाहिलंच नाही?

फोन वाजला. आई.

“आज उघडलं का गं?”

हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं तर आई गुरुवारी हसत आत जाईल, आणि आत जाताना दाराकडे बघत राहील. नाही म्हटलं तर जाणारच नाही. समोर ठिपका हिरवागार... तिनं पडद्यावरची नजर काढून टेबलाच्या कडेला ठेवली.

“आई, त्यानं वाचलं का ते मला ठाऊक नाही. मला वाटलं होतं तसं नसतं ते. एवढंच कळतं की रात्री तो फोन चार्जिंगला लावतो.”

पलीकडे आईला थोडी धाप लागली होती.

“लावतो ना?” आई म्हणाली. “रोज?”

“रोज.”

“बरं...” पलीकडे पिशवीची चेन वाजली. “दवाखान्याच्या पिशवीत मी त्याच्यासाठी एक चादर टाकलीय गं. रात्री माझ्यापाशी झोपायला. काढू का?”

खरं काय ते मला माहीत नाही, आई, आणि आता कुठल्या यादीत बघून ते कळणारही नाही.

“राहू दे,” ती म्हणाली.