शिवाने वाचवलेला माणूस

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. बाजारात फसून बोंबील महाग आणले, तरी खरा भाव सांगून माझ्या शिव्या खातो. त्याच गुणवंतने सिल्व्हर पार्कच्या हॉलमध्ये भरल्या सभेत धडधडीत खोटं सांगितलं. त्याला माईक धरता येत नव्हता, म्हणून तो मी धरला होता.

खरं असं झालं होतं. गुणवंत आणि शिवा रोजंदारीवर घोडबंदरच्या डोंगरावर वणवे विझवायचे, ओल्या फांद्यांनी झोडपून. त्या दुपारी शिवा प्यायलेला होता. रोजचा पिणारा नव्हता बिचारा, नेमका त्याच दिवशी प्यायला आणि करवंदीच्या जाळीजवळ आडवा झाला. वारा फिरला. सगळे खाली धावले, धुरात कोणी कोणाला पाहिलं नाही. गुणवंत एकटा उलटा वर गेला आणि त्याला ओढत घेऊन आला. शिवा वाचला नाही. गुणवंतचे दोन्ही हात कोपरापर्यंत जळाले.

मग नीलम मॅडम आल्या. वणव्यात गेलेल्यांच्या आणि जखमींच्या घरांना मदत करणारी त्यांची संस्था. बाई मनाच्या चांगल्या, उगाच नावं ठेवणार नाही. आमच्या दवाखान्याचा खर्च त्यांनीच केला. पण शिवाच्या बायकोचा, गिरिजाचा विषय निघाला तशा घुटमळल्या.

"तो प्यायला होता म्हणे. देणगीदार विचारतात हो, मी काय सांगू?"

गिरिजाच्या पिंकीचं नर्सिंग अर्ध्यावर होतं. संस्थेने फी भरली नाही तर पोरगी घरी बसणार होती.

"कोन म्हनतो?" गुणवंत म्हणाला. "मीच अडकलेलो, मॅडम. शिवानं मला बाहेर ढकललं, म्हनून मी हाय."

संस्थेच्या सभेत, हॉलमध्ये देणगीदारांसमोरही त्याने हेच सांगितलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं ते रागाने. रोज त्याच्या पट्ट्या मी बदलते, तो कसा कळवळतो ते मला माहीत आहे. त्या सगळ्यावर त्याने शिवाचं नाव घातलं.

पिंकी कॉलेजात जाऊ लागली. गिरिजा मात्र आमच्याकडे यायची बंद झाली. आधी रोज डोकावायची, मला पाणी भरायचं असलं की गुणवंतला भरवायची. शेवटी मीच तिच्या दारात गेले. तिने आत ये म्हटलं नाही.

"वैनी, मला त्याचं तोंड बघवत न्हाय," ती म्हणाली. "माझा मानूस त्याच्यापायी गेला. तो नीट पाय टाकून चालला असता, तर आज माझा घरी असता."

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. आत पिंकी युनिफॉर्मला इस्त्री करत होती.

"हो गं," मी म्हटलं. "शिवाभाऊंमुळंच माझं कुंकू राहिलं."

घरी आले तर गुणवंत दाराकडेच डोळे लावून बसलेला.

"काय म्हनली गिरिजा? येनार हाय?"

"पिंकीची परीक्षा हाय. झाली की येईल."

"असं होय. मला वाटलं, रागावली."

मी ताट घेऊन त्याच्यासमोर बसले आणि भाताचा घास त्याच्या तोंडाशी नेला.