रविवारचा वस्तरा

स्कॉटलंडमधल्या आमच्या डंडी गावात बायको तागाच्या गिरणीत आणि नवरा चुलीपाशी असेल, तर त्या नवऱ्याला किटलीवाला म्हणतात. माझा बाप पंधरा वर्षं किटलीवाला होता. गिरणीला बायका स्वस्त पडतात म्हणून पुरुषांना हाकलतात, त्यात त्याचा काय दोष? पण शेजारची मिसेस पिटकेथ्ली जिन्यात रोज विचारायचीच, "काय आर्ची, आज पेज करपली की उतू गेली?"

काम गेलं त्या दिवसापासून बाबानं दाढी केली नाही. "हे तोंड आता कुणाला दाखवायचंय?" म्हणायचा. हळूहळू त्याचे ओठ दाढीमिशांत बुडून गेले.

त्याच वर्षांत मागांच्या खडखडाटानं आईचे, ग्रिझेलचे, कान गेले. गिरणीत आम्ही सगळ्याच ओठ वाचून बोलतो. आई तर रस्त्यापलीकडच्या बायकांच्या चहाड्याही वाचायची. तिला वाचता येत नव्हतं ते एकच तोंड, तिच्या नवऱ्याचं. तो बोलायचा, मी ओठ हलवून तिला सांगायची. "चहा घे" हेसुद्धा माझ्यामार्फत.

बाबाची छाती भरली. शनिवारी डॉक्टर म्हणाले, सोमवार काही दिसत नाही. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजत होती, तेव्हा त्यानं माझा हात धरला. "इस्बेल, वस्तरा काढ."

"बाबा, आज रविवार आहे."

"ठाऊक आहे. छाती गेलीय माझी, डोकं नाही."

आमच्याकडे रविवारचे बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवतात. देवाच्या दिवशी दाढी करणारा आईच्या लेखी सरळ नरकात. मी घाबरतच तिला सांगितलं.

आई उसळली. "उद्या देवापुढे उभं राहायचंय, आणि आज नटायचंय होय? इतकी वर्षं नाही सुचलं ते!"

बाबा पुटपुटला. "काय म्हणतोय?" तिनं मला विचारलं.

मला धड सांगवेना. "म्हणतोय, ग्रिझेलशी बोलायचंय. इस्बेल मध्ये नको."

जिन्यावर चर्चला निघालेल्यांचे बूट वाजत होते. आईनं डोक्यावरची टोपी काढली, दाराला कडी घातली आणि किटली विस्तवावर ठेवली. तिला किटली ठेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

वस्तराही तिनंच धरला. दाढीखालून निघालेले पातळ, पांढरे ओठ मला ओळखू आले नाहीत. आई मात्र त्यांच्याकडे बघतच राहिली.

मला ऐकू जाऊ नये म्हणून बाबा गिरणीतल्यासारखा, आवाज न करता बोलला. मी तोंड फिरवायला हवं होतं. पण सवय वाईट, नजर ओठांवर गेलीच.

"ग्रिझेल, आता संध्याकाळी तुला चहा कोण देईल गं?"

आई त्याच्यावर वाकली. तिनंही आवाज न करताच उत्तर दिलं. तिची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे ते काय होतं हे मला आजही माहीत नाही.

सोमवारी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत बाबा गेला. मिसेस पिटकेथ्ली बघायला आली आणि त्याची गुळगुळीत हनुवटी पाहून थबकली. "अगं बाई, ही दाढी कधी केली?"

आईनं तिचे ओठ वाचले आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काल. रविवारी. मी केली."